‘डिस्कस अबाउट’, ‘वॉज हॅपन्ड’, ‘लिसन मी’ : सकर्मक-अकर्मकाची चूक परत परत का होते आणि ती कशी काढायची

चाकणच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळणारा एक मुलगा माझ्या वर्गात येतो. मध्यंतरी रात्रपाळीच्या अहवालात त्याने लिहिलं, ‘द मशीन वॉज स्टॉप्ड अ‍ॅट २:४०’. सकाळी साहेबांनी बोलावून विचारलं, “कोणी बंद केलं?” कोणीच केलं नव्हतं. मशीन आपलं आपण बंद पडलं होतं. खुलासा करण्यात त्याचा अर्धा तास गेला, तोही इंग्रजीतून. ‘द मशीन स्टॉप्ड’ एवढंच लिहिलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता. एका ‘वॉज’ने बंद पडलेलं मशीन कोणीतरी बंद केलेलं ठरलं.

मी नारायण पेठेत संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. हिंजवडीत नोकरी करणारे येतात, परिचारिका असलेल्या दोघीतिघी येतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं तर पेठेतच राहतात. व्याख्या सगळ्यांना पाठ आहे: कर्म लागतं ते सकर्मक, लागत नाही ते अकर्मक. तरी वह्या तपासायला घेतल्या की तीच वाक्यं समोर येतात. ‘वी डिस्कस्ड अबाउट द बजेट.’ ‘आय रीच्ड टू स्वारगेट.’ ‘द अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड निअर कात्रज.’ ‘प्लीज लिसन मी.’ ‘वी वेन्ट टू लोणावळा अँड एन्जॉइड.’ दुरुस्त करून दिली की आठवडाभर बरी राहतात आणि पुन्हा उगवतात. असं तण वरवर खुडून भागत नाही. याची मुळं आपल्या मराठीत आहेत, आणि इंग्रजीत लिहिलेलं व्याकरणाचं पुस्तक ती दाखवू शकत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी निदान

जाण्याची क्रिया घ्या. संस्कृतात ‘ग्रामं गच्छति’ म्हणतात. गाव द्वितीयेत आहे, म्हणजे तिथे तो धातू सकर्मक. मराठीत ‘गावाला जातो’ म्हणतो आणि जाणे हे अकर्मक मानतो. इंग्रजीत ‘गो’ अकर्मक आहे, मध्ये ‘टू’ हवाच. पण त्याच जाण्याला ‘व्हिजिट’ म्हटलं की क्रियापद सकर्मक होतं आणि ‘टू’ चालत नाही. माणूस तोच, रस्ता तोच, गाव तेच. सकर्मकपणा घडणाऱ्या क्रियेत नसतो. तो त्या त्या भाषेतल्या त्या त्या शब्दाला चिकटलेला असतो.

हे एकदा मनात बसलं की पुढचं बरंच सोपं जातं. ‘पोचणे’ अकर्मक आहे हे खरं, पण त्यावरून ‘रीच’बद्दल काहीच कळत नाही. ‘स्वारगेटला पोचलो’ हे इंग्रजीत ‘रीच्ड स्वारगेट’, मध्ये काही नाही. त्याच्याच शेजारचा ‘अराइव्ह’ मात्र अकर्मक, ‘अराइव्ह्ड अ‍ॅट स्वारगेट’. वर्गात पहिल्या दिवशी मी एक वाक्य देते: मुळा मुठेला मिळते. बहुतेक जण ‘द मुळा जॉइन्स टू द मुठा’ किंवा ‘मीट्स टू द मुठा’ लिहितात. मराठीत ‘मिळते’ला ‘ला’ लागतो, म्हणून ‘टू’. इंग्रजीत ‘जॉइन’ आणि ‘मीट’ दोन्ही सकर्मक: ‘द मुळा जॉइन्स द मुठा’. संगमावर नद्या एकच, वाक्यांची बांधणी दोन.

शाळेतली कसोटी कुठे घसरते

शाळेत शिकवतात, क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असं विचारा. उत्तर आलं तर सकर्मक. मराठी वाक्याला हे पुष्कळदा चालतं. घोटाळा होतो तो आपण इंग्रजी क्रियापदाला मनात मराठीतून प्रश्न विचारतो तेव्हा. काय ऐकतोस? गाणं. मग ‘लिसन’ सकर्मक ठरतं आणि ‘लिसन म्युझिक’ तयार होतं. प्रत्यक्षात ‘लिसन’ अकर्मक आहे, त्याला ‘टू’ लागतो. सकर्मक आहे ते ‘हिअर’.

काय शोधतेस? मुलाला. एकीने लिहिलं होतं, ‘आय सर्च्ड माय सन इन द क्राउड’. इथे तर अर्थच फिरतो. ‘सर्च’ला सरळ कर्म दिलं की ती झडती होते: ‘द पोलीस सर्च्ड द हाउस’ म्हणजे पोलिसांनी घराची झडती घेतली. मुलाला शोधायचं तर ‘सर्च्ड फॉर’, किंवा साधं ‘लुक्ड फॉर’. घाबरलेल्या आईने मुलाला शोधलं, असं तिला सांगायचं होतं. कागदावर उतरलं ते मुलाची झडती घेतल्याचं.

कोणाची वाट बघतोस? मित्राची. इथे नीट पाहा: ‘वाट बघणे’मध्ये बघण्याचं कर्म ‘वाट’ आहे, मित्र षष्ठीत आहे. इंग्रजी ‘वेट’मध्ये कर्माला जागाच नाही, म्हणून ‘वेट फॉर मी’. सरळ कर्म हवं असेल तर ‘अवेट’, पण तो पत्रातला शब्द आहे, बोलण्यातला नाही.

‘कोणाला?’ हा प्रश्न त्याहून फसवा. विभक्तीचा तक्ता आठवा: द्वितीया स-ला-ते, चतुर्थीही स-ला-ते. ‘मुलाला उचललं’, ‘मुलाला पुस्तक दिलं’, ‘शिवाजीनगरला उतरलो’, तिन्हीकडे तोच ‘ला’ आणि तिन्हीकडे त्याचं काम वेगळं. त्यामुळे ‘ला’ दिसला की ‘टू’ घालायची सवय लागते आणि ‘टेल टू मी’, ‘कॉन्टॅक्ट टू द मॅनेजर’, ‘कॉल टू हिम’ ही वाक्यं येतात. टेल, कॉन्टॅक्ट, कॉल, आस्क, मीट यांना माणूस थेट द्यायचा. उलट ‘मला समजावून सांगा’मधल्या ‘मला’साठी ‘एक्स्प्लेन मी’ चालत नाही. ‘एक्स्प्लेन इट टू मी’. ‘सजेस्ट’चं तसंच. ‘गिव्ह मी’, ‘शो मी’, ‘सेन्ड मी’ चालतं म्हणून ‘एक्स्प्लेन मी’ही चालेल असा तर्क करू नका. हे दोन शब्द, एक्स्प्लेन आणि सजेस्ट, सुटे पाठ करून टाका. रोजच्या कामात बहुतेक वेळा हेच दोन अडवतात.

‘चर्चा करणे’तली चर्चा

आता माझ्या वर्गात सगळ्यात जास्त भरणा असलेल्या चुकांकडे येते. डिस्कस अबाउट, मेन्शन अबाउट, डिस्क्राइब अबाउट, एम्फसाइझ ऑन, रिक्वेस्ट फॉर, एंटर इनटू द रूम, मॅरी विथ. वरवर पाहिलं तर प्रत्येकाचं प्रीपोझिशन वेगळं आणि प्रत्येक चूक वेगळी वाटते. पण खोलात गेलं तर सगळ्यांच्या बुडाशी एकच गोष्ट आहे, आणि ती मराठी क्रियापदांच्या घडणीत आहे.

‘चर्चा’ या नामाचं आपण रोजच्या भाषेत सुटं क्रियापद करत नाही, ‘चर्चा करणे’ म्हणतो. तसंच विनंती करणे, उल्लेख करणे, वर्णन करणे, मागणी करणे, लग्न करणे, प्रवेश करणे, भर देणे, उत्तर देणे, संपर्क साधणे. एक नाम आणि त्याला जोडून करणे, देणे, साधणे. या जोडीत ‘केली’चं कर्म कोण? चर्चा. ‘त्यांनी चर्चा केली’, ‘उल्लेख केला’, ‘वर्णन केलं’; क्रियापद त्या नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं, यावरूनच कळतं की कर्माच्या खुर्चीवर ते नाम बसलेलं आहे. खुर्ची भरली. मग ज्या विषयावर चर्चा झाली त्याला वाक्यात यायचं तर कशाचा तरी आधार घ्यावा लागतो: बजेटवर चर्चा, घटनेचा उल्लेख, रजेसाठी विनंती, मुद्द्यावर भर, मॅनेजरशी संपर्क, खोलीत प्रवेश, तिच्याशी लग्न.

इंग्रजी ‘डिस्कस’ या एका शब्दाने ‘चर्चा’ आणि ‘करणे’ दोन्ही पोटात घेतलेली आहेत. कर्माची खुर्ची मोकळी आहे. बजेट तिथे थेट बसतं: ‘वी डिस्कस्ड द बजेट’. तसंच ‘मेन्शन्ड द इन्सिडेंट’, ‘एम्फसाइझ्ड द पॉइंट’, ‘कॉन्टॅक्टेड द मॅनेजर’, ‘एंटर्ड द रूम’, ‘मॅरीड हर’. आपण मराठीतला ‘बद्दल’, ‘वर’, ‘शी’ सोबत घेऊन येतो आणि मोकळ्या खुर्चीशेजारी विषयाला उभा ठेवतो.

माझं हे म्हणणं पटत नसेल तर इंग्रजीतच पुरावा आहे. इंग्रजीतही नाम वापरलं की आधार लागतोच. ‘वी हॅड अ डिस्कशन अबाउट द बजेट’ हे शंभर टक्के बरोबर आहे. ‘एम्फसाइझ द पॉइंट’, पण ‘एम्फसिस ऑन द पॉइंट’. ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’, पण ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. ‘दे डिमांडेड हायर वेजेस’, पण ‘द डिमांड फॉर हायर वेजेस’. ‘आन्सर द क्वेश्चन’, पण ‘द आन्सर टू द क्वेश्चन’. ‘व्हिजिट पुणे’, पण ‘अ व्हिजिट टू पुणे’. ‘वी लॅक स्टाफ’, पण ‘लॅक ऑफ स्टाफ’. ‘इट अफेक्ट्स द रिझल्ट’, पण ‘इट्स इफेक्ट ऑन द रिझल्ट’. नाम कर्म घेऊ शकत नाही, क्रियापद घेऊ शकतं. एवढाच हा सगळा फरक आहे. अडचण अशी की रिक्वेस्ट, डिमांड, आन्सर, व्हिजिट, लॅक यांचं नाम आणि क्रियापद एकसारखंच दिसतं. ओळखायची खूण अशी: शब्दाच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘युअर’ असं काही असेल तर ते नाम, त्याला आधार द्या. ‘आय’, ‘वी’, ‘दे’ किंवा ‘टू’ला लागून आलं असेल तर क्रियापद, आधार काढा.

इथे एक सावधगिरी. हे ऐकल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि दिसेल तिथलं प्रीपोझिशन उडवतात. ‘आय कम्प्लेन्ड द नॉइज’, ‘आय अपोलोजाइझ्ड द डिले’. नाही. कम्प्लेन, अपोलोजाइझ, कॉमेंट, रिप्लाय ही क्रियापदं अकर्मकच आहेत: ‘कम्प्लेन्ड अबाउट द नॉइज’, ‘अपोलोजाइझ्ड फॉर द डिले’, ‘रिप्लाइड टू युअर मेल’. म्हणजे आन्सर सकर्मक आणि त्याचाच सख्खा भाऊ रिप्लाय अकर्मक. अर्थावरून ठरवता येत नाही, ते यासाठीच सांगत होते.

मग ठरवायचं कसं: तुमच्या मेलमध्येच असलेली कसोटी

ऑफिसात काम करणारे सगळे एक वाक्य दिवसातून चारदा लिहितात: ‘अ‍ॅज डिस्कस्ड ओव्हर द फोन’. कोणीही ‘अ‍ॅज डिस्कस्ड अबाउट ओव्हर द फोन’ लिहीत नाही. ‘अ‍ॅज मेन्शन्ड बिलो’. ‘अ‍ॅज रिक्वेस्टेड’. इथे हात आपोआप बरोबर चालतो, कारण हे शब्द जसेच्या तसे ऐकून उचललेले आहेत, मराठीतून आलेले नाहीत. याचा उपयोग करून घ्या.

वाक्य कर्मणी, म्हणजे इंग्रजीतलं पॅसिव्ह, करून पाहा. ज्याबद्दल बोलायचं आहे तो शब्द पुढे आणा आणि ‘वॉज’ लावा. ‘द बजेट वॉज डिस्कस्ड’ झालं, मागे काही उरलं नाही. म्हणजे क्रियापद सकर्मक, मूळ वाक्यातही मध्ये काही नको. आता ‘लाफ’ घ्या: ‘ही वॉज लाफ्ट अ‍ॅट’. तो ‘अ‍ॅट’ सुटत नाही, शेवटपर्यंत चिकटून राहतो. म्हणजे मूळ वाक्यातही तो हवाच. ‘युअर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड इनटू’ हे वाक्य ग्राहक सेवेच्या उत्तरात सगळ्यांनी वाचलेलं असतं, त्यातला ‘इनटू’ही तसाच. आणि कर्मणी वाक्य बनतच नसेल, कोणाला पुढे आणावं हेच सापडत नसेल, तर क्रियापद निखळ अकर्मक आहे.

या कसोटीला थोडे अपवाद आहेत. हॅव, लॅक, रिझेम्बल ही सकर्मक असून त्यांचं कर्मणी होत नाही. ‘ती आईसारखी दिसते’ हे ‘शी रिझेम्बल्स हर मदर’; ‘टू’ही नाही आणि ‘विथ’ही नाही.

‘वॉज हॅपन्ड’ कुठून येतं

‘द मीटिंग वॉज हॅपन्ड’, ‘द एरर इज ऑकर्ड’, ‘द पार्सल वॉज अराइव्ह्ड’, ‘द फाइल इज डिसअपिअर्ड’. यातलं प्रत्येक क्रियापद अकर्मक आहे, त्याचं कर्मणी होऊच शकत नाही. पण लिहिणाऱ्याला कर्मणी करायचंच नसतं. त्याच्या मनात ‘मीटिंग झाली होती’, ‘पार्सल आलं आहे’, ‘फाइल गायब झाली आहे’ असं असतं. मराठीत पूर्ण वर्तमानकाळ आणि पूर्ण भूतकाळ ‘असणे’ने बनतात, आणि ‘आहे’चं ‘इज’, ‘होती’चं ‘वॉज’ करण्याची सवय पहिल्या इयत्तेपासूनची. इंग्रजीत तेच काम ‘हॅव’ करतं. ‘हॅज हॅपन्ड’, ‘हॅज अराइव्ह्ड’, ‘हॅज डिसअपिअर्ड’. दुसऱ्या घटनेच्या आधी झालं असेल तर ‘हॅड’. आणि कधी झालं ते सांगितलं असेल तर मदतीला कोणीच नको: ‘द मीटिंग हॅपन्ड ऑन मंडे’.

एवढा बदल केला तरी अर्ध्या मेल सुधारतात. ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ आणि ‘इज बिलाँग्ड टू’ हेही याच गटातले. ‘द टीम कन्सिस्ट्स ऑफ फाइव्ह पीपल’, ‘द लँड बिलाँग्स टू माय अंकल’.

यावर दर वर्षी एक चांगला प्रश्न येतो: मग ‘माय फादर इज रिटायर्ड’ कसं चालतं? चालतं, कारण तिथे ‘रिटायर्ड’ हे विशेषण आहे, वडिलांची आजची अवस्था सांगतं. पण ‘माय फादर वॉज रिटायर्ड इन २०१९’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की त्यांना कोणीतरी सक्तीने निवृत्त केलं, कारण ‘रिटायर’ला तो सकर्मक अर्थही आहे. ‘ही रिटायर्ड इन २०१९’. तसंच ‘ही इज डेड’मध्ये विशेषण आहे, ‘ही डाइड’मध्ये क्रियापद, ‘ही वॉज डाइड’ मात्र कुठेच बसत नाही. शोकाच्या निरोपात ही चूक झालेली मी पाहिली आहे. लिहिणाऱ्याचं दुःख खरं असतं, म्हणून वर्गात हा भाग मी घाई न करता शिकवते.

फुटलं की फोडलं

चाकणच्या मुलाची चूक इथली, आणि हिच्यासाठी उपाय उलटा आहे. आतापर्यंत मी मराठी कान बाजूला ठेवा म्हणत होते; इथे तोच कामी येतो.

मराठीत बहुधा दोन क्रियापदं असतात: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, थांबणे-थांबवणे, शिजणे-शिजवणे, जळणे-जाळणे. आपोआप झालं की पहिलं, कोणी केलं की दुसरं. उघडणे, उकळणे, मोडणे, बदलणे अशी काही मराठीतही दोन्हीकडे चालतात, पण ती थोडी. इंग्रजीत उलट, ब्रेक, स्टॉप, बर्न, कुक, ओपन, चेंज, मूव्ह ही सगळी तशीच दोन्हीकडे चालतात. ‘द ग्लास ब्रोक’ म्हणजे काच फुटली, ‘ही ब्रोक द ग्लास’ म्हणजे त्याने काच फोडली. आपल्याला ‘द ग्लास ब्रोक’ अपुरं वाटतं. काच काय फोडणार, असं मनात येतं आणि आपण ‘वॉज’ घालून वाक्य सुरक्षित करतो. त्याने ते वेगळंच होतं.

१२ जुलै १९६१ घ्या. पुण्यात जुन्या घरांमधून आजही त्या दिवसाबद्दल बोलताना ‘पानशेत फुटलं’ असं म्हणतात, ‘फोडलं’ कोणी म्हणत नाही. त्या लोंढ्याने पुढे खडकवासल्याचं धरणही फुटलं. इंग्रजीत ‘द पानशेत डॅम बर्स्ट’, किंवा ‘ब्रोक’. ‘वॉज ब्रोकन’ लिहिलं तर कोणीतरी ते फोडल्याची शंका वाक्यात शिरते, आणि इतक्या मोठ्या आपत्तीबद्दल लिहिताना अशी शंका चुकूनही शिरू नये. याउलट ६ मार्च २०२२ ला पुण्यात मेट्रो सुरू झाली, तिथे ‘द मेट्रो ओपन्ड’ आणि ‘द मेट्रो वॉज ओपन्ड’ दोन्ही खरं आहे. पहिल्यात ती सुरू झाली, दुसऱ्यात कोणीतरी तिचं उद्घाटन केलं.

उपाय असा: आधी मराठी वाक्य मनात म्हणा आणि त्यात ‘ने’ बसतो का पाहा. ‘मशीन बंद पडलं’, कोणाला ‘ने’ लागत नाही. ‘द मशीन स्टॉप्ड’. ‘ऑपरेटरने मशीन बंद केलं’. ‘द ऑपरेटर स्टॉप्ड द मशीन’. ‘मशीन बंद करण्यात आलं’. तेव्हाच ‘वॉज स्टॉप्ड’. (‘ने’ची खूण मराठीतही शंभर टक्के पक्की नाही. गड चढलो, धडा शिकलो, चहा प्यायलो, नाव विसरलो, इथे कर्म आहे आणि ‘ने’ नाही. पण फुटणे-फोडणेच्या जोड्यांना ती चांगली लागू पडते.) त्या मुलाचा परवाचा अहवाल असा होता: ‘द कन्व्हेयर स्टॉप्ड अ‍ॅट ३:१५. आय स्टॉप्ड द लाइन अ‍ॅट ३:२०.’ पहिल्या वाक्यात कन्व्हेयर बंद पडला, दुसऱ्यात त्याने लाइन बंद केली. कोणी काही विचारलं नाही.

इंग्रजीत आपल्यासारख्या जोड्या अगदीच नाहीत असं नाही. राइझ-रेझ, लाय-ले, सिट-सेट, आणि झाडापुरतं फॉल-फेल: झाड पडलं, झाड पाडलं. पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांत आपण जसा आतला स्वर बदलून क्रिया दुसऱ्याकडून घडवतो, तसंच जुन्या जर्मानिक भाषांत होत असे, त्याचे हे उरलेले अवशेष. ‘भाव वाढले’ म्हणजे ‘प्राइसेस रोझ’, ‘भाव वाढवले’ म्हणजे ‘दे रेझ्ड प्राइसेस’. लाय-ले मात्र खरंच अवघड, कारण ‘लाय’चा भूतकाळच ‘ले’ आहे. परिचारिकांसाठी दोन वाक्यं पुरतात: ‘द पेशंट इज लाइंग ऑन द बेड’, पेशंट निजला आहे, ‘वी लेड द पेशंट ऑन द बेड’, आपण त्याला निजवलं. ‘पेशंट इज लेइंग’ कधीच नाही.

कर्म गाळलेली वाक्यं

‘मिसळ खाल्ली. आवडली?’ मराठीत हे पूर्ण आहे, कारण ‘आवडली’तल्या ‘ली’मध्ये मिसळ आहे. भजी असती तर ‘आवडली’, वडा असता तर ‘आवडला’, पोहे असते तर ‘आवडले’. भूतकाळात आपलं क्रियापद बहुधा कर्माची खूण अंगावर घेऊन फिरतं, म्हणून कर्म गाळता येतं. इंग्रजी क्रियापदावर अशी कुठलीच खूण नसते, म्हणून तिथे निदान ‘इट’ तरी बोलावंच लागतं: ‘डिड यू लाइक इट?’, ‘आय पुट इट ऑन द टेबल’, ‘आय विल सेन्ड इट टुमारो’.

‘एन्जॉय’ची गोष्ट वेगळी आहे. ‘आम्ही खूप एन्जॉय केलं’ हे आता मराठीच झालं आहे, आणि मराठीत आल्यावर त्याने आपलं कर्म सोडून दिलं. तेच रूप परत इंग्रजीत गेलं की ‘वी एन्जॉइड’ होतं. इंग्रजीत ‘वी एन्जॉइड द ट्रिप’, किंवा सांगायला काही नसेल तर ‘वी एन्जॉइड आवरसेल्व्ह्ज’. ताट समोर ठेवताना ‘एन्जॉय!’ म्हणतात तो तेवढा बोलण्यातला प्रकार आहे.

कर्म गाळायची मुभा काही क्रियापदांना आहे. ‘आय हॅव ईटन’, ‘शी इज रीडिंग’, ‘ही ड्राइव्ह्ज’. पण खाण्याचाच ‘डिव्हाउर’ कर्माशिवाय उभा राहत नाही. पुन्हा तेच: खाणं एक, शब्द दोन, स्वभाव दोन.

तरीही अडलं तर

शिकणाऱ्यांसाठी असलेला कोणताही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा. क्रियापदाच्या प्रत्येक अर्थापुढे टी किंवा आय हे अक्षर, किंवा तोच पूर्ण शब्द दिलेला असतो: टी म्हणजे सकर्मक, आय म्हणजे अकर्मक. फक्त पहिल्या ओळीवर थांबू नका, तुमच्या अर्थाच्या ओळीपर्यंत जा. ‘ही रन्स एव्हरी मॉर्निंग’मधला ‘रन’ आय आहे, ‘ही रन्स अ मेस’मधला टी. ‘अटेंड द मीटिंग’ म्हणजे हजर राहणं, ‘अटेंड टू द पेशंट’ म्हणजे त्याच्याकडे लक्ष देणं. ‘एंटर द रूम’, पण करारासाठी ‘एंटर इनटू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट’. वहीत नोंद करताना सुटं ‘डिस्कस’ लिहू नका, ‘डिस्कस द प्लॅन’ लिहा. सुटं ‘वेट’ नको, ‘वेट फॉर द बस’. शब्द आणि त्याची जोडणी एकत्र डोक्यात गेली की बोलताना एकत्रच बाहेर येतात.

परीक्षेत शब्दकोश नसतो. तिथे शंका आली तर क्रियापद बदला आणि ज्याची जोडणी पक्की माहीत आहे ते घ्या. ‘डिस्कस’बद्दल खात्री नसेल तर ‘टॉक अबाउट’, ‘रीच’बद्दल नसेल तर ‘गेट टू’, ‘रिप्लाय’बद्दल नसेल तर ‘आन्सर’.

एका क्रियापदापाशी मात्र अंदाज करू नका, ते म्हणजे ‘लीव्ह’. ‘आय लेफ्ट पुणे’ म्हणजे मी पुणं सोडलं. ‘आय लेफ्ट फॉर पुणे’ म्हणजे मी पुण्याला यायला निघालो. दादरहून शिवनेरीत बसलेल्या माणसाने घरी ‘आय हॅव लेफ्ट पुणे’ असा निरोप धाडला, तर घरच्यांना वाटेल तो पुणं सोडून कुठेतरी निघाला आहे, आणि स्वारगेटला त्याला घ्यायला कोणी जाणार नाही.